अर्जापासून लढ्यापर्यंत : निजामी राजवटीतील बीड जिल्हा

इ. स. १७७५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील वसाहतींच्या प्रतिनिधींनी इंग्लंडच्या राजाकडे एक विनंतीअर्ज पाठविला. लढाईला तोंड लागून तेव्हा अडीच महिने लोटले होते. तरीही अर्जाची भाषा एकनिष्ठ प्रजाजनांचीच होती. पुढील वर्षीच्या जुलैमध्ये त्याच प्रतिनिधिसभेने स्वातंत्र्याची घोषणा केली. गाऱ्हाण्यांची यादी या काळात फारशी बदलली नव्हती. गाऱ्हाणे ज्याच्यापुढे मांडावयाचे त्याच्याविषयीचा विश्वास मात्र नाहीसा झाला होता. हैदराबाद संस्थानातील मराठी जिल्ह्यांच्या, त्यातही बीडच्या, इतिहासात असेच स्थित्यंतर आढळते. अर्थात भेदही मोठा आहे. अमेरिकन लोक राजाच्याच देशातून आलेले वसाहतवाले होते, तर बीडची प्रजा या भूमीची जुनी रहिवासी होती, आणि तिचा राजा स्वतःच इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली होता. बीडच्या अर्जदारावर अशा रीतीने दुहेरी सत्ता होती.

बीडच्या लढ्याचा आरंभ १८१८ मधील धर्माजी प्रतापरावाच्या उठावापासून मानण्याची प्रथा आहे. निजामाच्या रिसाल्याने लेफ्टनंट सदरलंडच्या हाताखाली हा उठाव मोडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाबासाहेब ऊर्फ रावसाहेब याच्या नेतृत्वाखाली याच भागात आणखी एक उठाव झाला. या घटना स्मरणीय खऱ्या. परंतु त्यांना विसाव्या शतकातील चळवळीची पूर्वपीठिका ठरविणे इतिहासदृष्ट्या कठीण आहे. मोडलेल्या सत्तेची पुनःस्थापना ही त्यांची प्रेरणा होती; प्रजेच्या हक्कांची भाषा त्यांत नव्हती. ती भाषा आली शाळेतून.

१८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हिंदुस्थानातील हा एक धाडसी प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. पण संस्थानातील सुमारे चतुर्थांश प्रजेची मातृभाषा मराठी होती, आणि तिच्या दृष्टीने ही भाषा इंग्रजीइतकीच परकी होती. खाजगी मराठी शाळा काढाव्यात, तर त्यांवर सरकारी परवानगीचे निर्बंध होते. सभेसाठीही पूर्वपरवानगी आवश्यक करणारी ‘गश्ती निशाण ५३’ १९२९ मध्ये निघाली. या गश्तीचा परिणाम सरकारच्या अपेक्षेच्या नेमका उलट झाला. व्याख्यानालाही परवाना मागावयाचा म्हटल्यावर प्रत्येक व्याख्यान राजकीय ठरू लागले.

या परिस्थितीत अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाला जे महत्त्व आले, ते केवळ शैक्षणिक नव्हते. या गावी हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असे, आणि सरकारी दप्तरात त्याचे नाव मोमिनाबाद होते. गावाची ही दोन नावे म्हणजेच तेथील प्रश्नाचे सार होय. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये येथे मुख्याध्यापक म्हणून आले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे सहकारी. पगारी राजकीय कार्यकर्ते ज्या संस्थानात संभवतच नव्हते, तेथे शिक्षक हाच कार्यकर्ता झाला.

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हाही मागण्या मर्यादित होत्या : नागरी हक्क, मातृभाषेतून शिक्षण आणि निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. मवाळ पुढाऱ्यांना यापुढे जाणे अविचाराचे वाटे, आणि त्यांची शंका निराधार नव्हती. परंतु १९३८ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, बंदी घातली. राजनिष्ठ उद्दिष्ट जाहीर करणाऱ्या संस्थेलाही जागा नसेल, तर मवाळांच्या युक्तिवादात काय उरते? ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. डिसेंबरमध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने तो स्थगित झाला. १९३९ च्या राजकीय सुधारणांत विधिमंडळ आले, जबाबदारी आली नाही.

महायुद्धाच्या काळात सक्तीच्या लेव्हीने धान्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत नेला. माध्यमाच्या प्रश्नाने जो हलला नव्हता, त्यालाही राज्य म्हणजे काय हे आता कळले. १९४६ मध्ये बंदी उठली. पण जून १९४७ मध्ये निजामाने इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहू असे जाहीर केले, आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी विलीनीकरणाच्या मागणीत विरून गेली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी विलीनीकरण दिन पाळण्यात आला. यानंतर शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीस विरोध करणे, करोडगिरीची नाकी उठविणे असे लढ्याचे रूप झाले. बीडचे भौगोलिक स्थान येथे निर्णायक ठरले. आष्टी व पाटोदा या तालुक्यांलगत मुंबई इलाख्यातील नगर जिल्हा होता. कासीम रझवीच्या रझाकारांच्या धाकाने गाव सोडलेल्या कुटुंबांना आणि हत्यार उचललेल्या तरुणांना ती हद्द ओलांडणे शक्य होते. संस्थानच्या अंतर्भागातील गावांना हा मार्ग नव्हता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातील मुसलमान वस्तीवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे तिने सर्वाधिक पीडित म्हणून नोंदविले. यांपैकी उस्मानाबाद बीडला लागूनच आहे. या प्रकरणाबाबत स्थानिक लेखनात दीर्घकाळ मौन पाळले गेले. ते समर्थनीय नाही.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडमधून लोकसभेवर गेले ते परांजपेच. परंतु काँग्रेसचे उमेदवार म्हणून नव्हे, तर तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या डाव्या लोकशाही आघाडीचे म्हणून.