बसस्थानकाचं नवं बांधकाम : जुनी झाडं वाचवायचे नियम काय?

तालुक्याच्या ठिकाणी एस.टी. स्टॅन्ड नव्यानं बांधायला निघाला की पहिली कुऱ्हाड आवारातल्या जुन्या झाडांवर पडते. गाडीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, बाजाराला आलेल्या बायकांची, शाळकरी पोरांची सावली त्याच झाडांची असते. विकास थांबवायचा नाही, पण कायदा काय सांगतो हे माहीत असावं.

कायदा कोणता?
नगरपरिषद आणि महापालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. सरकारी जागेतलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेही 'तोडणं' यातच धरलं जातं. ग्रामपंचायत हद्दीतल्या झाडांसाठी 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतली झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

2021 ची दुरुस्ती
50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. झाड तोडायचंच असेल तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. म्हणजे 60 वर्षांचा कडुनिंब गेला तर 60 रोपं. रोपं किमान 6 फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग करायचं आणि 7 वर्षं ती जगवायची. रोपं लावणं जमत नसेल तर झाडाचं मूल्य भरायचा पर्यायही आहे.

खरी मेख वयाच्या नोंदीत आहे. कागदावर वय कमी लागलं की रोपंही कमी, आणि वारसा वृक्षाचा दर्जाही जातो. म्हणून झाडांची मोजणी होतानाच लक्ष घालावं. जुने फोटो आणि जुन्या माणसांची माहिती अशा वेळी उपयोगी पडते.

हरकत कशी घ्यायची?
तोडीचा अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. नोटीस दिसली की मोबाईलवर फोटो काढावा. दिलेल्या मुदतीत वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. हरकतीत झाडाची जात, अंदाजे वय, खोडाचा घेर आणि आराखड्यात काय बदल करता येईल हे लिहावं. उदा. वाहनतळ चार हात सरकवला तर वड वाचतो. नुसतं 'झाड तोडू नका' म्हणण्यापेक्षा याला जास्त वजन येतं.

बांधकाम चालू असताना
• अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. जवळून जेसीबीनं चर खणला तर झाड लगेच नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं. मग 'रोगट' म्हणून तोडलं जातं.
• काम सुरू व्हायच्या आधीच निदान फांद्यांच्या घेराएवढं कुंपण घालावं. आत खडी, सिमेंट, मुरूम टाकू नये, गाड्या लावू नयेत.
• बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक नको. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं.
• झाड दुसरीकडे हलवायचं असेल तर वड, पिंपळ, उंबर तग धरतात. जुनी चिंच, आंबा क्वचितच जगतात.

नवीन कोणती झाडं लावावीत?
कडुनिंब, करंज, बकुळ, ताम्हण, बहावा चांगले. वड-पिंपळाला मोकळी जागा हवी, भिंतीला खेटून लावू नयेत. गुलमोहराची फांदी वादळात मोडते, त्यामुळे गाड्या लागतात तिथे तो नको. झटपट हिरवळीसाठी लावलं जाणारं कोनोकार्पस टाळावं. गुजरातनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

आज लावलेल्या रोपाखाली बसायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून रोपं किती लावणार हे नंतर विचारावं, आधी उभी झाडं किती राहणार ते विचारावं. आणि हे विचारायची वेळ आराखडा मंजूर व्हायच्या आधीची असते.