ठिणगीची वेळ : चालकाच्या हातातून डिस्ट्रिब्युटरकडे

प्रस्तावना :
मोटारीचा इतिहास बहुधा कारखानदार आणि मॉडेल यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. इंजिनाचा एखादा लहानसा भागही ऐतिहासिक साधन ठरू शकतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. पेट्रोल इंजिनातील डिस्ट्रिब्युटर हे याचे उत्तम उदाहरण होय. ठिणगीची वेळ आपोआप पुढे आणणाऱ्या यांत्रिक योजनेचा विकास आणि जुन्या मोटारींच्या पुनर्बांधणीत तिच्यामुळे उद्भवणारा प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हस्तनियंत्रणाचा काळ :
सिलिंडरमधील मिश्रण जळण्यास काही अवधी लागतो. त्यामुळे पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडणे आवश्यक असते. मिनिटाला १००० फेरे असताना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, तर ४००० फेऱ्यांना २४ अंश. म्हणजेच वेग वाढला की ठिणगी अधिक आधी पडावी लागते. फोर्डच्या 'मॉडेल टी' (१९०८-१९२७) मध्ये हे काम चालक स्टीअरिंगजवळील डाव्या दांडीने करीत असे. हँडल मारताना दांडी मागे घेण्याचे राहिले, तर हँडल उलट फिरून मनगट मोडण्याचा धोका असे. चार्ल्स केटरिंग यांच्या विद्युत स्टार्टरने १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा धोका दूर केला. तथापि 'मॉडेल ए' (१९२७-१९३१) मध्येही दांडी कायम राहिली; १९३२ च्या फोर्ड व्ही-८ मध्ये मात्र हे काम डिस्ट्रिब्युटरकडे गेले.

यांत्रिक योजना :
डिस्ट्रिब्युटरचा दांडा फिरू लागला की दोन वजने बाहेर सरकतात आणि कॅमला पुढे वळवितात. दोन स्प्रिंग त्यांना आवरून धरतात. वेग वाढतो तसे मिश्रणातील खळबळीमुळे ज्वलनही जलद होते. म्हणून आगाऊपणा वेगाच्या सरळ प्रमाणात वाढवून चालत नाही. यासाठी एक स्प्रिंग हलकी, तर दुसरी जाड व किंचित सैल बसविली जाते; जाड स्प्रिंग नंतर ताणली जाते आणि वाढ मंदावते. अखेरची मर्यादा अडसराने ठरते. ब्रिटिश लुकास बनावटीच्या अनेक डिस्ट्रिब्युटरांत ही मर्यादा आतील पट्टीवर अंशांत कोरलेली असते. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने पट्टीवरील १० अंश म्हणजे क्रँकशाफ्टचे २० अंश. त्यात आरंभीचे १० अंश धरल्यास एकूण ३० अंश होतात.

पुनर्बांधणीतील प्रश्न :
स्प्रिंग सैल पडल्या असल्यास ठिणगी अकाली पुढे सरकते, इंजिन 'नॉकिंग' करते आणि पिस्टनला इजा पोहोचते. दुसऱ्या मोटारीची स्प्रिंग बसविल्यास बाह्य रूप मूळचेच राहते. कार्य मात्र बदलते. म्हणून व्हॅक्यूमची नळी काढून, वेगवेगळ्या वेगांवर टायमिंग लाइटने मोजणी करून ती कारखान्याच्या तक्त्याशी ताडून पाहावी लागते. परंतु तो तक्ताही तत्कालीन, बहुधा शिसेयुक्त, पेट्रोलसाठी बनविलेला होता. भारतात २००० मध्ये, तर जगभरात २०२१ मध्ये मोटारींसाठी अशा पेट्रोलची विक्री थांबली. तेव्हा मूळ आकड्यांशी निष्ठा राखावी की इंजिनाचे रक्षण करावे, असा पेच निर्माण होतो.

निष्कर्ष :
चालकाचे कौशल्य प्रथम वजने व स्प्रिंग यांच्यात उतरले. पुढे १९७९ च्या बॉश मोट्रॉनिकसारख्या प्रणालींनी ते संगणकाकडे नेले. यांत्रिक टप्प्याचा पुरावा पट्टीवरील अंक आणि स्प्रिंगची जाडी यांत शिल्लक आहे. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी मूळ मापांची नोंद करणे, मूळ भाग जपून ठेवणे आणि केलेला बदल लिहून ठेवणे हाच या पेचातील योग्य मार्ग ठरतो. नोंदीविना बदललेली स्प्रिंग इंजिन वाचवील, परंतु त्या यंत्राचा पुरावा कायमचा पुसून टाकील.