चौदाची बेरीज

व्हीलचेअर बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला डावपेचांआधी बेरीज यावी लागते. साडेचार, चार, अडीच, दोन, एक: झाले १४. प्रत्येक खेळाडूला हालचालीच्या क्षमतेनुसार गुण असतात आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानावरच्या पाच जणांचे गुण याहून अर्ध्यानेही वाढलेले चालत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत हा खेळ रुजला. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन मज्जारज्जूच्या रुग्णांना खेळवत होते. १९६०च्या रोम पॅरालिंपिकमध्येही बास्केटबॉल होता. तेव्हा खेळाडूची प्रत डॉक्टर ठरवत. इजा कितव्या मणक्यापाशी आहे ते पाहायचे, खाटेवर निजवून एकेका स्नायूचा जोर तपासायचा. पुढे पोलिओ झालेले, पाय कापलेले खेळाडू आले. ज्यांच्या मज्जारज्जूला इजाच नाही, त्यांची प्रत मणका मोजून कशी लावणार? शिवाय खाटेवर एखाद्याने जोर मुद्दाम कमी लावला, तर?

जर्मनीच्या होर्स्ट श्ट्रोकेंडल यांनी तपासणी खाटेवरून उचलून मैदानात आणली. दुखणे कोणते, यापेक्षा खुर्चीत बसलेले धड किती हलते, हे बघून गुण द्यायचे. १९८२मध्ये ही पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. एक गुणाचा खेळाडू चेंडूसाठी एक हात पुढे करतो तेव्हा दुसरा हात चाकावर घट्ट असतो. सोडला तर तोल गेलाच. तीन गुणांचा खेळाडू दोन्ही हात सोडून पुढे वाकतो, जमिनीवरचा चेंडू उचलतो, सरळ होतो. बाजूला मात्र कलता येत नाही. चार गुणांचा सहसा एकाच बाजूला कलतो, साडेचारचा दोन्हीकडे. मधल्यांसाठी अर्धे गुण. सराव आणि प्रत्यक्ष सामना, दोन्ही बघून शिक्का बसतो. मला यातली खरी हुशारी चौदाच्या मर्यादेत दिसते. नुसते साडेचारवाले उतरवायची सोयच नाही. एक गुणाच्या खेळाडूला जागा राखीव नसते, पण कमी गुणांच्या खेळाडूंवाचून गणित जुळत नाही.

मात्र २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने बजावले, की अपंगत्व आमच्या यादीत बसले पाहिजे. चार आणि साडेचार गुणांच्या खेळाडूंची पुन्हा छाननी झाली, वैद्यकीय कागदपत्रे मागवली गेली. ब्रिटनच्या जॉर्ज बेट्सचा पाय सततच्या वेदनांनी निकामी झालेला. ते दुखणे यादीत नव्हते. २०१२च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये कॅनडाकडून सुवर्णपदक जिंकलेला डेव्हिड एंगही अपात्र ठरला. टोकियो पॅरालिंपिकला दोघेही नव्हते.