बोसॉनमधले बोस सर

‘हिग्ज बोसॉन’ हे नाव कधी ना कधी तुमच्या कानावरून गेलं असेल. त्यातले हिग्ज ब्रिटनचे. आणि ‘बोसॉन’मधले बोस कोलकात्याचे : सत्येंद्रनाथ बोस. त्यांचा विषय निघाला की लोक लगेच नोबेलवर येतात. मिळायला हवं होतं, मिळालं नाही, वगैरे. मला मात्र त्यांच्यातला मास्तर जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण त्यांचा तो शोधसुद्धा शिकवता शिकवताच लागला.

१९२१ साली ढाका विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं. बोस तिथे रीडर म्हणून गेले, वय २७. वर्गात प्लँकचा नियम शिकवायचा होता. तापलेल्या वस्तूतून कुठल्या रंगाचा प्रकाश किती बाहेर पडतो, हे तो नियम सांगतो. नियम बरोबर होता. पण तो सिद्ध करताना थोडं जुनं भौतिकशास्त्र, थोडं नवं, अशी खिचडी करावी लागे. बोसना ते पटेना. आता आपल्यालाच पटलं नाही, तर पोरांना काय पटवणार?

मग त्यांनी मोजायची पद्धतच बदलली. समजा, दोन नाणी उडवली. छापा-छापा, काटा-काटा, छापा-काटा, काटा-छापा. शक्यता चार. पण ही दोन नाणी इतकी सारखी असतील की हे कुठलं नि ते कुठलं, असा फरकच उरत नसेल तर? शेवटच्या दोन शक्यता एकच होतात. उरल्या तीन. म्हणजे दोन्ही छापे पडण्याची शक्यता चारात एक नाही, तीनात एक! प्रकाशाचे कण असेच मोजायचे, हे बोसनी दाखवलं.

जून १९२४ मध्ये त्यांनी हा लेख थेट आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून छापून आणला. अशा कणांना ‘बोसॉन’ हे नाव पुढे डिरॅकनी दिलं.

बोस दोनेक वर्षं युरोपात राहिले, पण परत ढाक्याच्या वर्गात आले आणि १९४५ पर्यंत तिथेच शिकवत होते. आवडीनिवडी म्हणाल तर यादी मोठी आहे. क्ष-किरणांनी स्फटिक तपासणं, रसायनशास्त्र, फ्रेंच, जर्मन. शिवाय एस्राज वाजवायचे. रवींद्रनाथांनी १९३७ साली ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानाचं पुस्तक त्यांनाच अर्पण केलं.

यातली एक आवड मात्र आयुष्यभर टिकली : अवघड गोष्ट आपल्या माणसांच्या भाषेत आणणं. १९२० सालीच त्यांनी मेघनाद साहांबरोबर आइन्स्टाइनचे लेख जर्मनमधून इंग्रजीत आणले होते. कोलकात्याला परतल्यावर १९४८ मध्ये त्यांच्या पुढाकारानं बंगीय विज्ञान परिषद उभी राहिली, ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली मासिक निघालं. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ साली आली.

काहींना वाटतं, एवढा मोठा माणूस भाषेच्या कामात अडकला. मला तसं वाटत नाही. ‘मला खरंच कळलंय का?’ या एकाच प्रश्नातून त्यांचा शोधही आला आणि बंगालीचा आग्रहही.

तर आज एक करून बघा. पाठ केलेली एखादी व्याख्या धाकट्या भावंडाला साध्या मराठीत समजावून सांगा. जिथे अडखळाल, तिथूनच तुमचा खरा अभ्यास सुरू होईल. भेटू पुढच्या भागात!