मूर्तीच्या वाटेनं : माहीम ते वांद्रे

मंडळी, यात्रा म्हटलं की आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला शेगाव आठवतं, रिद्धपूर आठवतं, अमरावतीची अंबादेवी आठवते. आज मी तुम्हाला जरा वेगळ्या यात्रेला नेणार आहे. रात्री अमरावतीहून गाडीत बसलं की सकाळी दादर. तिथून माहीमचं सेंट मायकल चर्च, मग खाडीपलीकडे वांद्र्याचं सेंट अँड्र्यू आणि शेवटी टेकडीवरची माउंट मेरी. एका दिवसात आरामात होतं.

बहुतेक लोक आधी माउंट मेरीला जातात आणि वेळ उरला तर माहीमला. मी हा क्रम उलटा ठेवतो. का, ते सांगतो.

मागच्या खेपेला आमच्यातल्या एका तरुणानं विचारलं, ‘सर, चिमाजीअप्पांनी हा मुलूख लढून घेतला, तेव्हाच इथलं चर्च पडलं ना? मग आपण इथं कोणत्या तोंडानं हात जोडायचे?’ प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

वांद्र्याच्या टेकडीवर जेझुइट पाद्र्यांनी मरियामातेचं छोटं प्रार्थनास्थळ बांधलं होतं. परंपरा सांगते की 1700 साली अरबी चाच्यांनी ते लुटलं आणि सोन्याच्या लोभानं मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे 1737 ते 1739 मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम झाली. साष्टी गेली, मे 1739 मध्ये वसई पडली. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या कामी येऊ नये म्हणून इंग्रजांच्या आग्रहावरून तो सुरुंगानं उडवला गेला. त्याच धामधुमीत टेकडीवरचं प्रार्थनास्थळही गेलं. मूर्ती मात्र खाडीपलीकडे माहीमला, इंग्रजांच्या मुलखात, सेंट मायकलमध्ये सुरक्षित राहिली.

ती परत कधी आली? 1761 साली. हे साल ऐकलं की आपल्याला पानिपतच आठवतं. पण त्याच वर्षी ही मूर्ती माहीमहून वांद्र्याला परतली. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. माहीम इंग्रजांचं. वांद्रे साष्टीत, आणि साष्टी तेव्हा पेशव्यांची. इंग्रजांनी ती घेतली 1774 मध्ये. म्हणजे मरियामाता परत आली ती मराठ्यांच्या राज्यात! वसईच्या तहात ख्रिस्ती रयतेला काही चर्च राखून आपला धर्म पाळण्याची मुभा होती. त्या मोहिमेत मिळालेल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि मेणवलीला आजही टांगलेल्या आहेत, हेही त्याच इतिहासात येतं. एकच बाजू सांगून भागत नाही. जिंकणं झालं, मोडतोड झाली आणि परतणंही झालं.

म्हणून आपण मूर्तीच्या वाटेनं जातो, आधी माहीम, मग खाडी. आज खाडी ओलांडायला दोन मिनिटं लागतात. पूर्वी होडी लागायची. 1845 साली इथं पक्का बांध झाला, त्याला लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय या पारशी बाईंनी 1,57,000 रुपये दिले. टेकडीवरचं आजचं चर्च 1904 चं, त्याचे वास्तुरचनाकार शापूरजी चांदाभॉय, तेही पारशीच. आणि कोळी बांधव या आईला ‘मोत माउली’ म्हणतात. सप्टेंबरात, 8 तारखेच्या सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर इथं जत्रा भरते. दुकानांत मेणाचे हात, पाय, घरं मिळतात. ज्याचं जे दुखतं, तो ते वाहतो. आपल्याकडं देवीला चांदीचे डोळे वाहतात, तसंच.

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती कुटुंबांना हे सांगायची गरज नाही. अमरावतीचा धर्मप्रांत 1955 साली नागपूरपासून वेगळा झाला, तिथली मंडळी या यात्रेला घरचं म्हणूनच जातात. मी बोलतोय ते बाकीच्यांसाठी.

त्या तरुणाला मी बांधावरच एवढं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. वर गेल्यावर त्यानं आईच्या गुडघ्यासाठी मेणाचा एक पाय घेतला आणि मला विचारलं, ‘हा कुठं ठेवायचा असतो?’

आता तुमचे प्रश्न घेऊ या.