मिठाची बरणी

आईच्या स्वयंपाकघरात अंधारातही हात नेमका मिठाच्या बरणीवर पडे. पण तो तिचाच! ती गेली आणि आम्हांला साधा हळदीचा डबा सापडेना.

लिनक्सचेही असेच झाले होते. १९९१ साली ही संगणकप्रणाली जन्मली. पुढे तिचे संच बांधणारा जो तो आपल्या मनाने फायली ठेवू लागला. एका घरचा प्रोग्रॅम दुसऱ्या घरी गेला, की आपली फाइल शोधीत बसे. अखेर जाणत्या मंडळींनी १४ फेब्रुवारी १९९४ रोजी मांडणीचा लेखी नियम प्रसिद्ध केला : जुळणीच्या फायली 'ईटीसी' कप्प्यात, वाढत्या नोंदी 'व्हार'मध्ये. १९९७ व २०१५ साली तो सुधारला. सक्ती कोणाचीच नव्हती. तरी बहुतेकांनी तो मानला.

वाचकहो, आमच्या आईने तेवढे लिहून ठेवले असते तर!