अंधाच्या हातात कॅमेरा : मिरजेपासून सुरू होणारी गोष्ट

कुरुंदवाडचा एक मुलगा. जन्म १८७२चा. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम उडवताना स्फोट झाला आणि त्याच्या डोळ्यांना इजा झाली. उपचाराला मिरजेत आणलं. डॉ. भडभडे यांनी औषधपाणी केलं, पण नजर काही पूर्ववत होईना. शिक्षण खुंटलं. मग मुलाचा गळा बरा आहे म्हणून त्याला मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं.

तो मुलगा म्हणजे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. डोळे अधू झाले आणि देशाला गायनाचार्य मिळाला, असं आपण अभिमानानं सांगतो. सांगायलाच हवं. पण या गोष्टीची एक दुसरी बाजूही आहे. तेव्हापासून आजपर्यंत नजर गेलेल्या मुलाला आपण काय काय सुचवतो? गाणं, पेटी, तबला, भजन. नाहीतर खुर्च्या विणणं आणि मेणबत्त्या. त्याला काय आवडतं हे विचारायची पद्धतच नाही. आणि एखादा म्हणाला की मला फोटो काढायचेत, तर आपण हसणार.

आता जरा इतिहास बघा. लुई ब्रेल यानं ठिपक्यांची लिपी पॅरिसमध्ये छापून प्रसिद्ध केली १८२९ साली. दहाच वर्षांनी, १९ ऑगस्ट १८३९ला, त्याच पॅरिसमध्ये डागेरची फोटो काढण्याची कृती जगासाठी खुली झाली. म्हणून १९ ऑगस्टला आपण जागतिक छायाचित्रण दिन पाळतो. आणि गंमत म्हणजे त्याच १८३९ साली ब्रेलनं आणखी एक पुस्तिका काढली. उठावदार ठिपक्यांनी अक्षरांचे आकार, नकाशे, भूमितीच्या आकृत्या कशा काढायच्या, याची. अंधांना हातानं कळावं आणि डोळसांना डोळ्यांनी, असा त्याचा विचार. म्हणजे आकार आणि आकृती हा फक्त डोळसांचा प्रांत नाही, हे एका अंध माणसानं कॅमेऱ्याच्या जन्मसालीच दाखवून दिलं होतं.

आपल्याकडे काय झालं? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथले नावाजलेले छायाचित्रकार. त्याच मुंबईत १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. एकाच शहरात कॅमेराही आहे आणि अंधांची शाळाही आहे. पण दोघांची गाठ पडायला २००६ साल उजाडावं लागलं! पार्थो भौमिक यांनी त्या वर्षी मुंबईत अंध मुलांना फोटोग्राफी शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या उपक्रमाचं नाव 'ब्लाइंड विथ कॅमेरा'. त्यांना प्रेरणा मिळाली एव्हगेन बावचर यांच्यापासून. हे स्लोव्हेनियात १९४६ साली जन्मलेले. लहानपणी लागोपाठ दोन अपघातांत त्यांचे दोन्ही डोळे गेले. शाळेत असताना आवडणाऱ्या मुलीचा फोटो काढला, तो त्यांचा पहिला फोटो. पुढे पॅरिसमध्ये तत्त्वज्ञानाचे अभ्यासक झाले आणि छायाचित्रकार म्हणून जगभर नाव कमावलं.

"पण दिसत नाही तर काढतात कसा?" हा प्रश्न येणारच. ऐका. समोरचा बोलतो, त्या आवाजावरून तो किती लांब आणि किती उंच हे कळतं. ऊन गालावर कुठल्या बाजूनं लागतंय यावरून उजेडाची दिशा कळते. वस्तू असेल तर आधी हातानं चाचपून बघायची. आता तर फोनच बोलतो, चौकटीत किती चेहरे आहेत ते सांगतो. काढलेला फोटो उठावदार छापला की बोटांनी 'बघता' येतो, सोबत कुणीतरी वर्णन करून सांगायचं.

शिवाय अंध म्हणजे पूर्ण काळोख, ही आपली समजूतच चुकीची आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६०पेक्षा कमी असेल तर तो माणूस अंध. म्हणजे धडधाकट नजरेला जे ६० मीटरवरून दिसतं, ते याला ३ मीटरवरूनही दिसत नाही. पण उजेड, रंग, सावली यातलं काही ना काही अनेकांना जाणवतं. असा माणूस फोटो काढतो, फोनवर मोठा करतो, आणि डोळ्यांना जे निसटलं ते निवांत बघतो. औदुंबरच्या घाटावर काढलेला फोटो तो घरी येऊन बघेल. आपणही दुसरं काय करतो?

आणि हा दयेचा विषय नाही. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की सांस्कृतिक जीवन आणि करमणूक हा दिव्यांगांचा बरोबरीचा हक्क आहे, आणि त्याची सोय सरकारनं करायची आहे. आपल्या ग्रामपंचायती, नगरपालिका, झेडपी यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो वाटपात जातो. गरजूंना मदत मिळालीच पाहिजे, वाद नाही. पण त्यातून दोन दिवसांचं फोटोग्राफी शिबिर घ्यायला किती पैसे लागतील? फोन तर बहुतेकांच्या खिशात आहेच.

जागेचीही अडचण नाही. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय आहे, १९३८चं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. मूळ शिल्पाला हात लावू देता येणार नाही, कबूल. पण हुबेहूब प्रतिकृती करून ठेवली, तर अंध मुलं ती चाचपतील आणि तिचा फोटोही काढतील. सातारा-सांगलीच्या पोरांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

विष्णु दिगंबरांना गाणं मिळालं आणि त्यांनी त्याचं सोनं केलं. पण प्रत्येक अंध मुलाचा गळा गोड असेलच असं नाही. आणि छंदाचं सोनं व्हायलाच पाहिजे असंही नाही. आपण रविवारी कासला जाऊन पन्नास फोटो काढतो, त्यातले अठ्ठेचाळीस बिघडतात. आपल्याला कुणी विचारतं का, कशाला काढले म्हणून?

पुढच्या ग्रामसभेत ५ टक्के निधीचा विषय निघाला की एवढंच विचारा : यातून यंदा छंदासाठी काय ठेवलंय? आणि गावातल्या दिव्यांगांना कुणी विचारलंय का, त्यांना काय आवडतं ते?